हिरवं दार, पितळी कडी

चंदाआत्याचं गाणं हे खरं तर गाणं नव्हतंच. त्याला चाल नव्हती. बोलल्यासारखंच म्हणायचं, पण टाळीवर आणि पायाच्या ठेक्यावर, आणि इतकं भरभर की म्हणणारीला मध्ये श्वास घ्यायला जागा मिळायची नाही. परवा माझी नात कानात बोंडं घालून मान हलवत बसली होती. मी एक बोंड काढून माझ्या कानाला लावलं. कुणी एक पोरगा रागारागानं बोलत होता आणि मागं ढोल धडधडत होता. मी म्हटलं, हा भांडतोय कुणाशी? ती म्हणाली, "आजी, भांडत नाही, रॅप आहे. त्याच्या गल्लीत काय झालं ते सांगतोय." मी म्हटलं, आमच्यात हे होतं. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी उगाच काहीतरी म्हणते. मला राग आला आणि मी तिच्याकडून एक वही मागून घेतली. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्या अक्षरात बसेल तेवढं लिहिते.

आमचं गाव विट्यापासून पायी दोन तासांवर. त्या पट्ट्यात घराघरातला एक तरी गडी गलाईला गेलेला असायचा. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी आमची माणसं कुठंकुठं जाऊन बसली होती, मद्रास, कानपूर, कलकत्ता. ती वर्षातून एकदा यायची, टेरिलीनचे शर्ट घालून, आणि बायकांना माहेरी-सासरी विभागून परत जायची. गावात राहायच्या त्या बायका, म्हातारे आणि म्हशी. त्यामुळे नागपंचमीला गाव आमचंच असायचं. पंचमीला आमच्यात तवा चुलीवर चढवत नाहीत आणि विळीला हात लावत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची, त्यावर तूप, सोबत जोंधळ्याच्या लाह्या. दुपार कलली की सगळ्या पटांगणात. वरची आळी एका बाजूला, खालची आळी समोर. पहिला तासभर नेहमीची फेराची गाणी होत, देवाची, भावाची. मग कुणीतरी ओरडायची, "चंदाक्का, आता कलकत्ता म्हना की!" आणि आत्या पदर खोचून मध्ये यायची. ती उंच होती, काळी, आवाज गड्यासारखा घोगरा. ती एका पायानं ठेका धरायची आणि सुरू करायची:

खाली भट्टी, वर माडी,
मधी शिडी, बारा पायऱ्या काढी.
पाय धू बाई, पाय धू,
जाताना धू, येताना नगं धू!
डाव्या हाताला घंटेची गाडी,
रुळावर पळती, बैल न्हाई जोडी.
एक गल्ली शंखाची,
एक गल्ली पंखाची,
तिसऱ्या गल्लीत वळ गं बाई,
तितं कुनाची वळख न्हाई.
हिरवं दार, पितळी कडी,
दोरीवर वाळती कुनाची साडी?
सांगू का नगं? सांगू का नगं?

आणि शंभर बायका एकदम ओरडायच्या, "नगं!" मग हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. का हसायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. ओरडायला मिळायचं म्हणून हसायच्या. मी अकरा-बारा वर्षांची असल्यापासून ओरडत होते. जात्यावर बसले तरी माझ्या तोंडात तेच, धुण्याला गेले तरी तेच. आई वैतागून म्हणायची, "कारटे, देवाचं नाव घे एखांदं." मला देवाचं नाव त्या ठेक्यात बसवता यायचं नाही.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षं ती कलकत्त्याला नांदली. तिच्या नवऱ्याचं तिथं गलाईचं दुकान होतं, गावात त्याला सगळे शेठ म्हणत. मग एकदा शेठनं तिला आणून विट्याच्या स्टँडवर उतरवलं आणि ट्रंक तिच्या पायाशी ठेवून सांगितलं, "हितनं तुजं घर तुला ठावं हाय." गावात त्यानं एवढंच पसरवलं की बाई हिंडते. दुकान सोडून एकटीच रस्त्यानं फिरते, कुठं जाते सांगत नाही. आमच्याकडं एवढं पुरत असे. आत्या आमच्या घरी राहिली. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते जेवत असताना तिनं एकदा त्यांना सांगितलं की शेठचं तिथं दुसरं घर आहे. मी कंदिलाची काच पुसत बसले होते. दादांनी घास गिळला आणि विचारलं, "कुनी बघितलं?"

"म्या बघितलं."

"आनि?"

"आनि कोन बघनार? मी एकलीच गेल्ते."

"मग एकलीनंच ठिव ते तुज्यापाशी," दादा म्हणाले आणि आईला आमटी वाढायला सांगितली.

तेव्हापासून आत्या त्या विषयावर घरात बोलली नाही. पण पंचमीला ती पटांगणात उभी राहून सगळ्या गावाला रस्ता सांगत होती, दर वर्षी, आणि आम्ही तो नाचून काढत होतो. हे मला कळायला माझं लग्न व्हावं लागलं.

आणखी एक गोष्ट ती दर वर्षी करायची. मळणी झाली की शाळूतला चांगला शाळू निवडून ती एक पोतं बाजूला काढायची. पाखडायची, खडे वेचायची, आणि सुतळीनं पोत्याचं तोंड शिवायची. तिची शिवण दुहेरी असायची, फुलीवर फुली, आणि शेवटच्या गाठीत लाल चिंधी. ते पोतं कलकत्त्याला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी शेठच्या दुकानी जायचं. आई म्हणायची, "ज्यानं टाकलं त्याला कशापायी भरवतीस?" आत्या म्हणायची, "बायकूनं जोंधळं धाडायचं असत्यात. त्यानं टाकलं, म्या न्हाई." मला तेव्हा तिचा राग यायचा. लाचारी वाटायची. आज लाचारी वाटत नाही, हट्ट वाटतो, पण त्यानं तिचं भलं काहीच झालं नाही हेही खरं.

माझं लग्न शेठनंच जमवलं. मुलगा त्याच्या भट्टीवर काम करणारा, शेजारच्या गावचा, निर्व्यसनी. दादा खूश. बहिणीला टाकणाऱ्या माणसाकडून जावई घेताना त्यांना काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. आत्यानं मला हळद लावली. लावता लावता कानाशी तोंड आणून एवढंच बोलली, "शांते, शिडीला बारा पायऱ्या हायती. नववी हालती." मला वाटलं, चेष्टा करते.

कलकत्त्याला पोचलो त्या संध्याकाळी मी डोक्यावर ट्रंक घेऊन शिडी चढले आणि मोजत गेले. बाराच होत्या. नववीवर पाय पडला आणि ती हलली. मी तिथंच थांबले. मागून नवरा म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही.

खाली भट्टी आणि वर माडी, हे गाण्यात दोन शब्दांत संपतं. राहायला फार जड जातं. खाली तेजाबात सोनं उकळायचं, त्याचा पिवळा-तांबडा धूर शिडीच्या भोकातून वर यायचा. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. पाच गड्यांचा स्वयंपाक मी एकटी स्टोव्हवर करायची, रोज पन्नास भाकरी. खिडकी होती, पण तिच्यातून समोरची भिंत दिसायची. शहर मला ऐकू यायचं फक्त. ट्रामची घंटा, हातानं रिक्षा ओढणाऱ्यांच्या हातातली घुंगरासारखी टिणटिण, आणि दिवेलागणीला घराघरातून शंख फुंकायचे. सगळीकडं मोहरीच्या तेलाचा आणि मासळीचा वास. मी आठ महिने त्या माडीवर राहिले तोवर मला कलकत्त्याचं एक झाडसुद्धा दिसलं नव्हतं.

गलाईच्या दुकानात धूळ म्हणजे धूळ नसते. जमिनीवर, कपड्यांवर, नखांत, सगळीकडं सोन्याचा कण असतो असं धरून चालायचं. केर फेकायचा नाही, साठवायचा. गड्यांचे कपडे धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, पिंपात ओतायचं. आणि दाराच्या आत एक मोठं घमेलं भरून ठेवलेलं. जो बाहेर जाईल त्यानं त्यात हातपाय धुवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा, म्हणजे पायाबरोबर सोनं रस्त्यावर जाणार नाही. शेठ रोज संध्याकाळी ते घमेलं स्वतः बघायचा, हलक्या हातानं वरचं पाणी निथळून तळचा गाळ पिंपात टाकायचा. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. पाय धू बाई, पाय धू. हेही खरंच निघालं. पुढची ओळ मात्र मी नुसती म्हणत होते.

रविवारी दुकान बंद असायचं. शेठ सकाळीच बाहेर पडायचा, कुठं ते कुणी विचारायचं नाही. गडी नदीवर आंघोळीला जायचे आणि तिथून सिनेमाला. माझा नवरा मला म्हणायचा, "कडी लावून बस. हे शेहर चांगलं न्हाई." पहिले काही महिने मी कडी लावून बसले. मग एका रविवारी घमेल्यात पाय धुतले आणि बाहेर पडले.

मला भीती वाटली नाही. मजा वाटली, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते. एकही पाटी वाचता येत नव्हती, एकही शब्द कळत नव्हता, पण तोंडात आत्याचं गाणं होतं आणि पाय त्या ठेक्यावर पडत होते. डाव्या हाताला घंटेची गाडी. खरंच, ट्राम खडखडत गेली, रुळांवरून, बैल नाही की काही नाही. मी रुळांच्या कडेनं चालत राहिले. नऊवारी नेसलेली, हातभर हिरवा चुडा, नाकात नथ, आणि तोंडानं पुटपुटतेय. आमच्या गावात अशी बाई दिसली असती तर कुत्री मागं लागली असती. इथं कुणी मान वळवून बघितलं नाही. एक पानवाला, एक चष्म्याचा म्हातारा पेपर वाचणारा, कुंभारानं मांडलेली मातीच्या कपांची उतरंड. मी एवढी माणसं एका जागी विट्याच्या बाजारातही बघितली नव्हती आणि त्यातलं एकही माझं नात्याचं नव्हतं. कुणाची सून नाही, कुणाची लेक नाही. तासभर मी नुसती फिरले. त्या दिवशी शंखाच्या गल्लीपर्यंत पोचले. दोन्ही हातांना दुकानं, माणसं पायांत शंख धरून करवतीनं कापतायत, हवेत पांढरा भुगा. गल्ली सापडल्यावर मी मोठ्यानं हसले. परत आले, पाय पदरानं पुसले, शिडी चढले आणि भाकरी थापायला बसले. कुणाला कळलं नाही.

पुढच्या रविवारी पंखांची गल्ली. पिंजऱ्यातले पोपट, तितर, कबुतरं विकायला ठेवलेली, पायाखाली पिसंच पिसं. तिथं वाट चुकले, दोन वेळा फिरून त्याच पोपटवाल्यापुढं आले. तो मला काहीतरी बोलला, मी त्याला मराठीत शिवी दिली, तो हसला. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी परतले. का परतले माहीत नाही. गाणं तिथं संपायला आलं होतं, त्यामुळं असेल.

तिसऱ्या रविवारी गेले. पाऊस पडून गेला होता, गटार गल्लीभर पसरलेलं, पाय घोट्यापर्यंत भरले. हिरवं दार होतं. रंग उडालेला, पण हिरवा. पितळी कडी घासून लख्ख. वर दोरीवर पांढरी साडी, लाल काठाची. मी दारापुढं उभी राहिले आणि माझ्या तोंडातलं गाणं थांबलं, कारण पुढं म्हणायला "सांगू का नगं" एवढंच उरलं होतं.

दार उघडंच होतं. बारा-तेरा वर्षांची एक पोर बाहेर आली. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली होती. शेठची तशीच आहे, झोपेत असल्यासारखी. माझ्या चुड्याकडं बघून ती आत पळाली आणि आईला घेऊन आली. बाई गोरी, जाडसर, भांगात शेंदूर. तिला दचकायचं काही कारण नसल्यासारखी ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जल खाबे?" आणि पाणी आणलं, सोबत बत्तासा. मला बसायला पाट दिला. मग तिनं आपला हात डोक्याच्या वर उंच धरला, म्हणजे उंच बाई, आणि एक बोट दाखवलं. मग माझ्याकडं बोट करून दोन बोटं दाखवली. आधी एक उंच आली होती, तू दुसरी. ती रागावली नव्हती. कंटाळल्यासारखी दिसत होती. "बाबू बाजारे गेछे," ती म्हणाली. बाजार कळला. म्हणजे तो कधीही येईल.

मी मनात बोटं मोजली. पोर बारा-तेरा वर्षांची. आत्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. म्हणजे ही आधीची. आत्या नंतरची. हे आत्याच्या गाण्यात नव्हतं. तिनं ते त्या वेळी मोजलं असेल आणि गाण्यात घालायला तिला जमलं नसेल.

उठताना मला वास आला. त्या मोहरीच्या तेलाच्या घरात भाकरीचा वास. चुलीशी तव्यावर भाकरी होती, जाड, कडा वेड्यावाकड्या, कुणीतरी बघून बघून शिकल्यासारखी. आणि कोपऱ्यात पोतं. निम्मं रिकामं, तोंड नुसतं गुंडाळून ठेवलेलं, पण उसवलेली सुतळी त्या बाईनं वाया घालवली नव्हती, खिळ्याला अडकवून ठेवली होती. तिच्या टोकाला लाल चिंधी होती. आत्यानं खडे वेचून पाठवलेला शाळू. मी बत्तासा पाटावर ठेवला आणि निघाले.

परत कशी आले ते मला आठवत नाही. गाणं तोंडात नव्हतं, पाय कसेही पडत होते. दारातून आत आले तर घोट्यापर्यंत काळा चिखल. अशा पायांनी शिडी चढले असते तर बाराही पायऱ्यांवर उमटले असते. समोर घमेलं होतं. मी त्यात पाय घातले आणि खसाखसा धुतले. पाय स्वच्छ झाले आणि मी वर गेले.

संध्याकाळी शेठनं घमेलं निथळायला घेतलं. मी वरून ऐकत होते. पाण्याचा आवाज थांबला. मग त्यानं हाक मारली, "शांताबाई, खाली या."

तो घमेल्याशी उकिडवा बसला होता. तळाला बोटभर काळा गाळ. जाणाऱ्याच्या पायाचं घमेल्यात भुरकट उतरतं, राखेसारखं. गटारीचा चिखल तिथं यायचं काही कारण नाही. घमेलं जाणाऱ्यासाठी असतं. येणारा त्यात पाय धूत नाही. तेव्हा, आठ महिने तिथं राहून आणि सहा वर्षं ते गाणं म्हणून, मला ती ओळ कळली. आत्या पण अशीच सापडली असणार. तिनं मला सांगून ठेवलं होतं, टाळीवर बसवून सांगितलं होतं, आणि मी ते विसरून पाय धुतले.

"ह्याच्या आधीबी एकदा घमेल्यात असाच चिखूल आला हुता," शेठ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "तुमी कुटं गेल्ता ते मी इचारत न्हाई. तुमच्या मालकालाबी सांगत न्हाई. त्यो तापट हाय, तुमाला माहीतच हाय. तुमी काय बघितलं ते तुमीबी कुनाला सांगू नगा. जमल?"

मी मान हलवली. त्यानं सगळा गाळ पिंपात ओतला. त्यातही सोनं असणारच होतं, तो टाकून कसा देईल.

त्या पंचमीला आम्ही सगळेच गावी आलो. मला सातवा महिना लागला होता. शेठनं त्याच्या गावात नवं घर बांधलं होतं, सिमेंटचं, वर गच्ची, आणि पंचमी झाल्यावर वास्तुशांत धरली होती. आता वास्तुशांतीच्या पूजेला जोडीनं बसावं लागतं. बायको नसेल किंवा येऊ शकत नसेल तर गड्यानं कमरेला सुपारी खोचून बसायचं, ती सुपारी बायकोच्या जागी. शेठनं भटजीला सांगितलं होतं की मी सुपारी लावून बसणार. हे आत्याला कळलं आणि ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात मोठ्यानं बोलली. "मी जित्ती हाय. सुपारी कशापायी? पूजंला मी बसनार, आनि बसल्यावर त्या घरातनं उठनार न्हाई." दादांना भावकी गोळा करावीच लागली.

बैठकीच्या दिवशी सकाळी आत्यानं मला गोठ्यात गाठलं. ती शेण काढत होती. हात तसेच, माझ्याकडं न बघता म्हणाली, "नववी हालती का अजून?"

"व्हय."

"दार?"

मी तिला सगळं सांगितलं. दार, कडी, साडी, पोर, पापणी. भाकरी. लाल चिंधी. पोरीचं वयही सांगितलं. पोत्याचं ऐकून तिनं शेणाची पाटी खाली ठेवली. एकदाच म्हणाली, "खात्यात व्हय माजं जोंधळं," आणि मग, "बरं झालं तू बघितलंस. आता दोघी झालो."

बैठक आमच्या बाहेरच्या सोप्यात बसली. दोन्हीकडची आठ-दहा माणसं, शेठ, माझा नवरा. बायका आतल्या दाराशी. आदल्या दिवशी माहेरी येताना एस.टी.त माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं होतं, "शेठ आपल्याला येगळं दुकान काढून देनार हाय. हैदराबादला." तो इतका खुशीत होता की त्यानं मला विट्याच्या स्टँडवर पेढा घेऊन दिला. शेठनं बैठकीत जुनंच सांगितलं, बाई हिंडती होती. आत्या दारातनं पुढं आली आणि म्हणाली, "मी एकदाच गेल्ते, आनि कशापायी गेल्ते ते सांगायला माज्यापाशी साक्ष हाय. शांता." भावकीतला सगळ्यांत म्हातारा, तात्या म्हणायचे त्याला, त्यानं माझ्याकडं मान वळवली. "पोरी, तू तितं ऱ्हातीस. ह्येचं दुसरं घर हाय का न्हाई? काय बघितलंस ते सांग."

शेठ माझ्याकडं बघत नव्हता. तो पायाच्या नखाकडं बघत होता. माझा नवरा बघत होता, हसऱ्या तोंडानं, कारण त्याला माहीत होतं की मी कधी माडी सोडली नाही. पोटात पोर हललं, असं लिहिलं तर शोभेल, पण तसं काही झालं नाही. पोर गप होतं. मी फक्त विट्याचा स्टँड बघितला, ट्रंक पायाशी. आणि आमच्या घरात टाकलेल्या दोन बायका, एकीच्या कडेवर पोर.

मी म्हटलं, "मी माडी सोडून कवा कुटं गेलीच न्हाई. मला काय ठावं?"

तात्या म्हणाला, "झालं मग." दादा म्हणाले, "चंदे, आत जा." आत्या आत गेली. जाताना माझ्याजवळून गेली, तिच्या अंगाला शेणाचा वास येत होता.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. लाडू, वरणभात, वांग्याची भाजी. शेठ सोवळं नेसून बसला होता, कमरेला सुपारी. हात जोडताना ती एकदा निसटून खाली पडली आणि गडगडत चौरंगाखाली गेली. भटजी म्हणाला, "असू दे, असू दे," आणि दुसरी दिली. मी तीन लाडू खाल्ले. गरोदर होते, भूक लागायची.

पुढं बारा-पंधरा वर्षांनी, शेठ वारल्यावर, मी माझ्या नवऱ्याला ते घर सांगितलं. तो हैदराबादच्या दुकानात दाढी करत होता. आरशातनंच म्हणाला, "मग? सगळ्यास्नी ठावं व्हतं की. तुज्या दादालाबी. जोंधळ्याचं पोतं एकदा त्यानीच खांद्यावरनं न्हेऊन टाकलं हुतं तितं." म्हणजे त्या दिवशी सोप्यात बसलेल्या बऱ्याच जणांना मी सांगितलं असतं तरी नवं काही कळणार नव्हतं. दादांनी सगळं माहीत असून आत्याला विचारलं होतं, कुनी बघितलं. मी त्या रात्री जेवले नाही. तेवढंच. दुसऱ्या दिवशी भाकरी केल्या.

आत्यानं मला कधी दोष दिला नाही. माझ्या पोराची टाळू तिनंच भरली. पण त्याच्या पुढच्या पंचमीला मी माहेरी आले, पोर कडेवर, आणि पटांगणात बायका ओरडल्या, "चंदाक्का, कलकत्ता!" आत्यानं पदर खोचला. तोच ठेका, तोच घोगरा आवाज. भट्टी, माडी, पाय, शंख, पंख, दार. साडीपर्यंत आली आणि थांबली नाही. दोन ओळी नव्या होत्या:

एक गेली, बघून आली,
बघून आली, मुकी झाली.
सांगू का नगं? सांगू का नगं?

शंभर बायका "नगं!" म्हणून ओरडल्या आणि हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मीही टाळी दिली. टाळी दिली नसती तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. त्यानंतर वीस-बावीस पंचम्या, आत्या होती तोवर, मी त्या दोन ओळींवर टाळी देत आले. ती म्हणताना माझ्याकडं कधी बघायची नाही.

काल नातीला हे गाणं म्हणून दाखवलं. श्वास पुरत नाही आता, दोनदा थांबावं लागलं. तिनं फोन पुढं धरून सगळं भरून घेतलं. तिला फार आवडलं. म्हणाली, "आजी, भारी आहे. शेवटची ती मुकी कोण?"

मी म्हटलं, "मी."